अमेरिकेत तिकीट कोण देतं? प्रायमरी समजून घेऊ या

अमेरिकेतल्या निवडणुकीचा विषय निघाला की आपल्या घरांमध्ये एक वाद हमखास होतो. गाझामुळे तिथले मुस्लिम मतदार बायडन यांच्यावर नाराज झाले आणि शेवटी ट्रम्प आले. कुणी म्हणतं, त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. कुणी म्हणतं, दुसरं ते करणार तरी काय होते? या वादात एक गोष्ट बहुतेक वेळा सुटून जाते. नाराजीचं मोठं मतदान झालं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, प्रायमरीत. ट्रम्प जिंकले ते नोव्हेंबरमध्ये, मुख्य निवडणुकीत. या दोन वेगळ्या निवडणुका आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत. म्हणून आधी प्रायमरी म्हणजे काय ते पाहू.

प्रायमरी म्हणजे काय?

आपल्याकडे विधानसभा असो की नगरपालिका, तिकीट कुणाला द्यायचं हे पक्षाचे नेते ठरवतात. ज्याच्या हातात एबी फॉर्म पडला, तो उमेदवार. कार्यकर्त्याने वीस वर्षं सतरंज्या उचलल्या तरी ऐन वेळी तिकीट कापलं जातं, आणि मतदाराला त्यात कुणी विचारत नाही.

अमेरिकेत हे तिकीट मतदार देतात. पक्षांतर्गत इच्छुकांमधून एकाची निवड करण्यासाठी जी निवडणूक होते ती प्रायमरी. काही राज्यांत मतपत्रिकेऐवजी लोक सभेत जमून कौल देतात, त्याला कॉकस म्हणतात. आयोवा राज्याचा कॉकस त्यासाठी प्रसिद्ध आहे.

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. न्यू यॉर्कमध्ये ज्याने मतदार नोंदणीत त्या पक्षाचं नाव लिहिलं आहे, तोच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. मिशिगनमध्ये अशी पक्षनोंदणीच नाही. तिथे मतदार कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागून घेऊ शकतो.

अध्यक्षपदाच्या प्रायमरीत मतं थेट मोजून उमेदवार ठरत नाही. मतांच्या प्रमाणात प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, निवडले जातात. हे डेलिगेट उन्हाळ्यात पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मिळवायचे तर किमान १५ टक्के मतं लागतात. ही अट पूर्ण राज्यासाठी वेगळी आणि काँग्रेसच्या प्रत्येक मतदारसंघासाठी वेगळी मोजली जाते. रिपब्लिकन पक्षात काही राज्यं पहिल्या आलेल्यालाच सगळे डेलिगेट देऊन टाकतात.

ही पद्धत पूर्वीपासून अशीच होती असं नाही. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धावरून डेमोक्रॅटिक पक्षात उभी फूट पडली होती. तरीही ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता, नेत्यांच्या पाठिंब्यावर उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी युद्धविरोधी निदर्शकांना झोडपलं आणि हम्फ्री पुढे हरले. त्यानंतर पक्षाने नियम बदलले, आणि १९७२ पासून प्रायमरीचं वजन खऱ्या अर्थाने वाढलं. म्हणजे एका युद्धाच्या रागातूनच मतदाराच्या हाती तिकिटाची सत्ता आली.

छोट्या समाजाला प्रायमरी का महत्त्वाची?

प्रायमरीला मतदान कमी होतं आणि उमेदवार अनेक असतात. त्यामुळे थोडी मतं एकत्र पडली तरी निकाल फिरतो. शिवाय अनेक मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा.

रशिदा तलैब यांचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये डेट्रॉइट भागातल्या मतदारसंघात त्यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरी सुमारे ९०० मतांनी जिंकली. नोव्हेंबरमध्ये समोर रिपब्लिकन उमेदवारच नव्हता. त्या काँग्रेसमध्ये गेलेल्या पहिल्या पॅलेस्टिनी-अमेरिकन महिला ठरल्या, आणि ते ठरलं त्या ९०० मतांवर.

त्याच वर्षी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत एक मराठी नावही होतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, ज्यांचं आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे. त्यात ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, डॉ. अब्दुल अल-सय्यद हे मुस्लिम डॉक्टर दुसरे आले आणि ठाणेदार तिसरे. पण ठाणेदारांनी नाद सोडला नाही. २०२२ मध्ये नऊ जणांच्या प्रायमरीत तीस टक्क्यांपेक्षा कमी मतं मिळवूनही ते पहिले आले आणि काँग्रेसमध्ये पोहोचले. मतं विभागली की प्रायमरीत काय होतं, ते यावरून कळतं.

मिशिगन, २७ फेब्रुवारी २०२४

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मिशिगनमधल्या डिअरबॉर्न शहरात अरब वंशाचे लोक बहुसंख्य आहेत. जवळच्या हॅमट्रॅमकमध्ये येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. २०२० मध्ये या भागाने बायडन यांना भरभरून मतं दिली होती.

गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर हीच मंडळी अस्वस्थ झाली. अनेकांचे नातेवाईक गाझात किंवा लेबनॉनमध्ये होते. युद्धबंदीची मागणी ऐकली जात नाही, असं त्यांना वाटत होतं. मिशिगनच्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर 'अनकमिटेड', म्हणजे 'कुणालाही बांधील नाही', असा एक पर्याय असतो. 'लिसन टू मिशिगन' या मोहिमेने लोकांना तोच पर्याय निवडायला सांगितलं.

आपल्याला हे 'नोटा'सारखं वाटेल, पण फरक आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाचं मत मोजलं जातं आणि तिथेच संपतं. 'अनकमिटेड'ला पुरेशी मतं पडली तर त्याचे डेलिगेट अधिवेशनात जातात.

मोहिमेने १०,००० मतांचं लक्ष्य ठेवलं होतं. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी मिशिगन जवळपास तेवढ्याच मतांनी जिंकलं होतं. प्रत्यक्षात १ लाखाहून अधिक मतं पडली, म्हणजे सुमारे १३ टक्के. डिअरबॉर्नमध्ये तर निम्म्याहून अधिक मतदारांनी हा पर्याय निवडला. राज्यभरात १५ टक्क्यांची अट हुकली, पण दोन मतदारसंघांत ती पार झाली आणि दोन डेलिगेट मिळाले. पुढे ५ मार्चला मिनेसोटात 'अनकमिटेड'ला जवळपास १९ टक्के मतं मिळाली.

तरीही बायडन यांनी मिशिगनची प्रायमरी ८० टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकली. इथेच प्रायमरीची मर्यादा दिसते. ती इशारा देऊ शकते, धोरण बदलायला भाग पाडू शकत नाही.

ऑगस्ट ते नोव्हेंबर

जुलैत बायडन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस उमेदवार झाल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात 'अनकमिटेड' डेलिगेटांची मागणी साधी होती: एका पॅलेस्टिनी-अमेरिकन व्यक्तीला व्यासपीठावरून बोलू द्या. ती मान्य झाली नाही. त्यांनी सभागृहाबाहेर ठिय्या दिला. सप्टेंबरमध्ये या चळवळीने हॅरिस यांना पाठिंबा देत नसल्याचं जाहीर केलं. पण सोबत हेही सांगितलं की आमचा ट्रम्प यांना विरोध आहे, आणि तिसऱ्या पक्षाला मत द्या असंही आम्ही म्हणत नाही.

नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नची मतं तीन वाटांनी गेली. ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, हॅरिस यांना ३६ आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के. मिशिगन ट्रम्प यांनी सुमारे ८०,००० मतांनी जिंकलं. मुख्य निवडणुकीत राज्यात पहिला येणाऱ्याला तिथली सगळी १५ इलेक्टोरल मतं मिळतात. १३ टक्क्यांचे दोन डेलिगेट, असा हिशेब तिथे चालत नाही.

जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी १२ देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. त्यात येमेन, सोमालिया, सुदान, इराण हे देश आहेत. हॅमट्रॅमकमधल्या येमेनी कुटुंबाला आपली माणसं बोलावून घेणं खूप अवघड झालं. पण फक्त डिअरबॉर्नच्या मतांनी ट्रम्प आले असं म्हणणंही बरोबर नाही. सातही अटीतटीची राज्यं त्यांनी जिंकली. मिशिगन हॅरिस यांना मिळालं असतं, तरी ते अध्यक्ष झालेच असते.

आम्हाला काय वाटतं

फेब्रुवारीतल्या त्या १ लाख मतदारांना दोष देणं आम्हाला पटत नाही. उमेदवार ठरत असताना आपल्या पक्षाला जाब विचारायचा, यासाठीच प्रायमरी असते. त्यांनी ते शिस्तीत, मतपेटीतून केलं. ऐकायचं की नाही हे पक्षाच्या हातात होतं. नोव्हेंबरचा निर्णय मात्र वेगळा होता. तिथे प्रत्येक मताची किंमत काय, याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाला स्वतः करावा लागला, आणि एकाच घरात बाप आणि मुलगा वेगवेगळ्या उत्तरावर आले.

पुढच्या वेळी अमेरिकेची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा. ही प्रायमरी आहे की मुख्य निवडणूक? त्या राज्यात कोण मत देऊ शकतं? आणि जागा मतांच्या प्रमाणात मिळतात की पहिल्याला सगळं? या तीन प्रश्नांची उत्तरं माहीत असली, तर घरातला वाद निदान मुद्द्यावर होईल.