पत्र्याला पडलेले भोक

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले, की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे ओळीने येतात. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. याच रस्त्याने पुढे ताम्हिणी घाटात गेले, तर तो ६००० मिलिमीटरच्याही वर जातो. या चढत्या पावसाच्या वाटेवर असलेल्या भुकूमसारख्या गावात दहा-बारा पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीकडे नीट पाहावे. दाराची खालची कड, चाकावरचा मडगार्ड, पायाखालचा पत्रा यांवर आधी रंगाचा फुगवटा येतो. तो नखाने खरवडला, की खाली तपकिरी भुगा निघतो आणि बोट आरपार जाते.

मग प्रश्न येतो, वेल्डिंग करायचे की नुसते ठिगळ लावायचे? वेल्डिंग म्हणजे पक्के काम आणि बाकी सारे तात्पुरते, असा आपला समज असतो. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

मुळात भोक का पडते? लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो, एवढे आपण सातवीआठवीतच शिकवतो. पण गंज सगळीकडे सारखा न चढता एकाच जागी खोल का जातो? याचे उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका थेंबातून दिले. हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. मिठाच्या पाण्यात थोडे फिनॉल्फ्थॅलिन आणि थोडे पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळा. पॉलिश पेपरने घासलेल्या लोखंडी पत्र्यावर त्याचा एक मोठा थेंब ठेवा. काही मिनिटांत थेंबाच्या मध्यावर निळा रंग दिसू लागतो आणि कडेला गुलाबी. निळा रंग सांगतो की तिथे लोखंड विरघळते आहे. गुलाबी रंग सांगतो की कडेला प्राणवायूचा वापर होऊन पाणी अल्कधर्मी होते आहे. म्हणजे एकाच थेंबात एक छोटी विद्युतघट तयार झाली! हवा कडेला मुबलक मिळते, पण झीज होते ती जिथे हवा कमी पोचते तिथे.

हे नीट समजले, की गाडीच्या भोकाचे कोडे उलगडते. ओल धरलेल्या चिखलाखाली, दुमडलेल्या पत्र्याच्या सांध्यात, फुगलेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली हवा कमी आणि पाणी जास्त. पत्रा तिथेच खाल्ला जातो. घाईने भरलेल्या पुट्टीखालीही नेमके हेच घडते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो; म्हणून तो वरची पुट्टी आतून ढकलून फोडतो.

आता जोडकामाचा इतिहास पाहू. धातूला पडलेले भोक बुजवण्याची कला फार जुनी आहे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पिढ्यान्‌पिढ्या ठोकून, दुमडून आणि झाळून भांडी घडवत आली. विजेचा ठिणगीचाप वापरून केलेले वेल्डिंग १८८० च्या दशकातले, आणि ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. १८८९ मध्ये उभा राहिलेला आयफेल मनोरा सुमारे २५ लाख रिव्हेटांवर उभा आहे. तेव्हा वेल्डिंगवाचून केलेला सांधा कच्चाच असतो असे मुळीच नाही.

गाडीच्या पातळ पत्र्याला तर वेल्डिंगचा एक तोटाही आहे. हा पत्रा जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा. ज्योतीने तो वाकतो, कधी जळून भोक मोठे होते. मागच्या बाजूचा रंग व जस्ताचा थर जळून जातो आणि तिथे हात पोचत नसला, तर नवा गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून वेल्डिंगशिवायचे उपाय शोधणे हा काही केवळ काटकसरीचा भाग नव्हता.

पूर्वी पत्र्यातले खड्डे शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूने भरत. काम उत्तम होई, पण शिशाचा धूर आणि भुगा कारागिराच्या पोटात जाई. १९५० च्या दशकात शिशाऐवजी पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची पूड यांची पुट्टी आली. दुसरा पदार्थ इपॉक्सी. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हे १९३० च्या दशकात दातांच्या कवळीसाठी साहित्य शोधत होते. त्यांनी केलेल्या कामातून पुढे १९४६ मध्ये ‘अरालडाइट’ हा चिकटपदार्थ बाजारात आला. घरोघरी टाकीची गळती थांबवणारे दोन रंगांचे एम-सील हे याच कुळातले. दोन भाग मळले, की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफून जाळे तयार होते, आणि ते पुन्हा वितळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रॉइन यांनी तर विमानाचे धातूचे भाग चिकटवण्यासाठी ‘रेडक्स’ हा पदार्थ तयार केला. आजही ॲल्युमिनियमच्या कित्येक मोटारी चिकटपदार्थ आणि रिव्हेट यांच्या जोडीनेच बांधल्या जातात.

कवळीची आठवण इथे उपयोगी आहे. किडलेला दात न कोरता वरून सिमेंट भरले, तर कीड आत वाढतच राहते. पत्र्याचेही तसेच. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत गंज घासून काढणे हे अर्धे काम. खाचाखोचांत उरलेल्या पातळ गंजासाठी रसायन लागते. १९०६ मध्ये बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेट यांनी फॉस्फोरिक आम्लाने लोखंडावर फॉस्फेटचा संरक्षक थर चढवण्याचे पेटंट घेतले. गंमत अशी, की दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ टिकण्यामागेही फॉस्फेटचा थर आहे, असे कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. त्या लोखंडातच फॉस्फरस जास्त होता.

दुसरे रसायन आपल्या सह्याद्रीतच सापडते. विळीवर आवळा चिरला की पाते काळे पडते, हे सर्वांनी पाहिले आहे. आवळ्यात आणि हिरड्यात टॅनिन असते. ते लोखंडाशी संयोग पावून निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग बनवते. हिरड्यात बुडवलेल्या कापडावर लोखंडाच्या पाण्याने काळा रंग आणण्याची रीत आपल्या रंगाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे. ‘रस्ट कन्व्हर्टर’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या अनेक द्रावणांत हेच टॅनिक आम्ल असते. मात्र सुटा, जाड गंज असेल तर त्याचा उपयोग नाही.

यानंतर ठिगळ. ते भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठे, जस्त चढवलेल्या पत्र्याचे कापावे. दोन्ही पृष्ठांना प्राइमर, मधे इपॉक्सी आणि कडेने रिव्हेट. पुट्टी फक्त वरून सफाईपुरती, दोन-तीन मिलिमीटर. ठिगळ ॲल्युमिनियमचे नसावे. दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आली, की पुन्हा विद्युतघट! मोठ्या पोलादी पत्र्यात बसवलेले छोटे ॲल्युमिनियमचे रिव्हेट झपाट्याने झिजतात. म्हणून पोलादी रिव्हेट बरे. मागून मेण किंवा तेल फवारावे आणि दाराखालची पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवावीत.

पण प्रत्येक भोक असे बुजवता येते का? याचे उत्तर गाडीच्या रचनेच्या इतिहासात आहे. जुन्या जीपला खाली वेगळी, जाड सांगाड्याची चौकट असे; वरचा पत्रा म्हणजे अंगरखा. १९३४ च्या सित्रोएन गाडीपासून मात्र पत्र्याच्या पेटीलाच सांगाडा बनवण्याची पद्धत रुळत गेली. १९५३ ची फियाट ११०० तशीच होती. तिच्याच वंशातली प्रीमियर पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई, आणि तिने मुंबईच्या खाऱ्या हवेत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत सेवा दिली. अशा गाडीत दाराखालचा उंबरठ्यासारखा पोकळ भाग, पायाखालचा पत्रा, स्प्रिंग टेकते ती जागा ही गाडीची हाडे असतात. आजच्या बहुतेक मोटारी याच जातीच्या. मडगार्डला पडलेले भोक म्हणजे खरचटणे. उंबरठ्याला पडलेले भोक म्हणजे अस्थिभंग. तिथे पुट्टी आणि रंग लावणे म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणे. तिथे गंजका भाग कापून, कुशल कारागिराकडून नवा पत्रा वेल्ड करूनच घ्यायला हवा.

आपल्याकडे पासिंगच्या तोंडावर गाडी रंगवून घेतात. रंग नवा दिसतो, खालचे पोलाद दिसत नाही. मुले ज्या व्हॅनमधून शाळेत येतात, तिच्याबाबत तरी हे तपासून पाहायला हवे. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही; प्रयोगशाळेतला साधा लोहचुंबक पुरतो. तो पातळ कागदात गुंडाळून दाराखालच्या उंबरठ्यावरून सावकाश फिरवा. पोलाद असेल तिथे तो घट्ट ओढला जातो. जाड पुट्टी असेल तिथे तो निसटतो. हा प्रयोग विद्यार्थ्यांना घेऊन, गाडी उभी असताना आणि चालकाला विचारून करावा. चुंबकत्वाचा धडा त्या दिवशी पुस्तकाबाहेर शिकवून होईल, आणि चुंबक कुठे निसटलाच, तर पुढच्या पावसाळ्याआधी व्हॅनच्या मालकाला ते दाखवता येईल.