आसईचं रण राखायचं, पण कसं?

आपल्या आसईच्या लढाईवर इंग्रजांनी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. रणभूमीवर सार्वजनिक बाग व्हावी, ही मागणी माझीही आहे. पण 'स्मारक' म्हटलं की आपल्याकडे चौथरा, पुतळा आणि कोनशिला एवढंच डोळ्यापुढं येतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तारीख २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजा केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. दहा हजारांच्या आसपास कवायती पायदळ, शंभरेक तोफा, घोडदळ वेगळंच. समोर कंपनीचा आर्थर वेलस्ली. वाटाडे म्हणाले, पुढं उतार नाही. पण त्याला केळनेच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसली. म्हणजे माणसं येत-जात असणार, उतार असणारच! तिथूनच त्यानं फौज पलीकडं नेली. आपल्या एखाद्या गुराख्यानंही हेच सांगितलं असतं.

शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि कंपनीची रांग पुढं गेल्यावर उठून पाठीमागून तोफा डागू लागले. लढाई हरलो, तोफा गेल्या. पण कंपनीचेही दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. आणि हो, पेशव्यांचे स्वार त्या दिवशी कंपनीच्या बाजूला होते. बागेत फलक लावाल तर हेही लिहा.

ही लढाई कळते ती नदीचा उतार, संगम आणि मधली जमीन पाहूनच. उताराजवळ वाळू उपसली, बेचक्यात मुरूम खोदला, की राखायला उरलं काय?

याच वेलस्लीनं पुढं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तिथं सिंहाच्या पुतळ्यासाठी चाळीसेक मीटर उंच टेकाड रचलं. माती आणली रणभूमीवरूनच. ज्या उंचवट्याच्या आडोशानं वेलस्ली लढला, त्याचाच आकार गेला. स्मारक झालं, रण बिघडलं! पुढं १९१४ साली बेल्जियमनं कायदा करून तिथल्या बांधकामांना आळा घातला. शेती मात्र चालू राहिली. आजही लोक रण बघायला येतात आणि शेतकरी पीक काढतो.

आपल्याला घ्यायचं ते हे. आसईच्या शेतकऱ्याला भीती वाटेल की बाग म्हणजे भूसंपादन. त्यात त्याचं काय चुकलं? संपादनाचे पैसे कसे आणि किती वर्षांनी मिळतात, हे काय आपल्याला माहीत नाही? म्हणून बाग लहानच असावी, संगमाजवळ सरकारी जागा मिळाली तर तेवढ्यातच. सावलीची झाडं, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह आणि दगडात कोरलेला रणाचा नकाशा. बाकी रान मालकाकडं राहू द्या, त्यात कापूस-मका पिकू द्या. बंदी फक्त खोदकामाला आणि मोठ्या बांधकामाला, आणि त्या बंदीपोटी शेतकऱ्याला दरवर्षी ठरावीक मोबदला. फुकटात निर्बंध लादाल तर पहिला दगड बसायच्या आधीच गाव विरोधात जाईल.

आणि हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी बसून ठरवू नका. आधी आसईच्या ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावा, कुठला गट नंबर कुठल्या रेषेत येतो ते दाखवा. सातबाऱ्यावर शेरा मारायचा तो त्यानंतर.