मानेतला ‘गॅप’ आणि साडेतीन हजार वर्षांचा इतिहास

“डॉक्टर, माझ्या मानेच्या मणक्यात गॅप आहे.” हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकले किंवा म्हटले असेल. पण दुखण्याचे निदान फोटोवरून करायची सवय फार जुनी नाही. मानेचे वैद्यक मात्र खूप जुने आहे.

१८६२ मध्ये इजिप्तमधल्या लक्झर येथे एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने एक पपायरस विकत घेतला. तो इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचा आहे. त्यात ४८ रुग्णांची वर्णने असून काही मानेच्या दुखापतींची आहेत. मान मुरगळलेल्या रुग्णाला वैद्य स्वतःच्या खांद्यांकडे आणि छातीकडे बघायला सांगतो. बघता येते पण दुखते, तर उपचार करायचे. मात्र मणका सरकून हातापायांची जाणीव गेली असेल, तर हा आजार उपचारापलीकडचा, असे तो सांगतो. मान वळवून बघणे आणि हातापायांची संवेदना तपासणे, या दोन्ही गोष्टी आम्ही आजही करतो.

या दोन रुग्णांत एवढा फरक का, हे मानेची रचना पाहिली की कळते. मानेत सात मणके असतात. पहिला अंगठीसारखा असतो. ग्रीक पुराणात आकाश पेलणाऱ्या ॲटलासचे नाव त्याला दिले आहे, कारण सुमारे पाच किलोचे डोके त्याच्यावर असते. होकार देताना डोके या मणक्यावर पुढे-मागे झुकते. नकार देताना हाच मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि बाजूंनी नसांच्या आठ जोड्या निघतात. म्हणून स्नायू ताणला तर मान आखडते, नस दाबली गेली तर कळ आणि मुंग्या हातात उतरतात आणि मज्जारज्जू दाबला गेला तर चालण्यावरही परिणाम होतो.

१८९५ मध्ये राँटजेनने क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. पण एक्स-रेमध्ये चकती दिसत नाही, दिसते ती फक्त तिची रिकामी जागा. हाच तो गॅप! तो निरोगी मानेतही असतो. वयानुसार चकती झिजते तसा तो कमी होतो, नव्याने पडत नाही.

१९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले, की फाटलेली चकती नसेवर दाब आणू शकते. त्याआधी असे उंचवटे अनेकदा गाठी समजले जात. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या मणक्यांच्या झिजेचे, म्हणजे स्पॉन्डिलोसिसचे, नसांवर आणि मज्जारज्जूवर होणारे परिणाम सविस्तर मांडले.

मग एमआरआय आला आणि चकतीही दिसू लागली. १९९० मध्ये अमेरिकेत मानेची काहीही तक्रार नसलेल्या ६३ जणांचा एमआरआय केला. १९ टक्के लोकांच्या मानेत दोष निघाला. २०१५ मध्ये जपानमधल्या १,२११ तक्रार नसलेल्या लोकांपैकी ८७.६ टक्के जणांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा नाही. नस किंवा मज्जारज्जू दाबला गेल्याची लक्षणे असतील तेव्हा तो फार मोलाचा आहे. पण लक्षणे नसताना दिसणारी झीज बहुतेकदा पिकलेल्या केसांसारखी असते.

रोजच्या मानदुखीचे कारण बहुधा साधे असते. तासन्‌तास मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर वाकलेली मान, चुकीची उशी, ताण किंवा अपुरी झोप. असे दुखणे बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटू लागते. मान हलती ठेवा, सारखे एकाच स्थितीत बसू नका. पट्टा मनाने लावू नका.

मात्र हातापायांत अशक्तपणा, चालताना तोल जाणे, बटण लावताना बोटे अडखळणे, लघवीवरचा ताबा जाणे, तापासह ताठ झालेली मान किंवा अपघातानंतरचे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका, तातडीने डॉक्टरांना दाखवा. मानेतून जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, सोबत घाम आणि छातीत दडपण असेल, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी मज्जारज्जूवरच्या दाबावर वैद्याकडे इलाज नव्हता. आज बऱ्याच वेळा आहे, पण त्यासाठी वेळेवर यावे लागते.