खिशातल्या पिस्तुलाचा इतिहास

मनुष्य कोणत्या वस्तूंचा संग्रह करील याला मर्यादा नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि वाद्ये पाहताना एका माणसाच्या छंदातून केवढा सांस्कृतिक ठेवा उभा राहू शकतो याची प्रचिती येते. युरोपात व अमेरिकेत मात्र संग्राहकांचा एक निराळाच वर्ग आहे. हे लोक जुनी, लहान, कोटाच्या खिशात मावणारी पिस्तुले जमवतात. त्यांतही नामांकित कारखान्यांच्या मालापेक्षा विस्मृतीत गेलेल्या कारागिरांनी घडविलेल्या पिस्तुलांवर त्यांचा विशेष जीव असतो.

असल्या विषयाशी एका धर्मगुरूचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, ही छोटी शस्त्रे हातात धरून इतिहास वाचू लागले की वाटेत बिशप भेटतात, पाळक भेटतात, येशूसंघीय भेटतात, आणि सदसद्विवेकबुद्धीचे काही असे प्रश्न समोर उभे राहतात की ज्यांना बगल देऊन पुढे जाता येत नाही.

प्रारंभीच्या बंदुकीला जळती जामगी लागे. धुमसणारी वात अंगरख्यात लपविणे शक्य नव्हते. त्यामुळे बंदूकधारी मनुष्य दुरूनच ओळखू येई. सोळाव्या शतकाच्या आरंभी चाकाच्या चापाचा शोध लागला. किल्ली देऊन ठेवलेले पोलादी चाक पायराइटच्या खड्यावर घासून ठिणगी पाडी. आता भरलेले पिस्तूल कपड्यांआड दडवून बाजारातून, दरबारातून, मंदिरातूनही नेता येऊ लागले. हा धोका सम्राट पहिला माक्सिमिलियन याने तत्काळ ओळखला आणि १५१७ च्या सुमारास आपल्या ऑस्ट्रियातील मुलखात अशा शस्त्रांवर बंदी घातली. बंदी टिकली नाही. परंतु शस्त्राचा आकार लहान झाला की भय मोठे होते, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानी पाचशे वर्षांपूर्वीच आली होती, एवढे त्यावरून दिसते.

पुढची मोठी सुधारणा घडली ती स्कॉटलंडमधील एका पाळकाच्या हातून. बेलहेल्वी गावचे प्रेस्बिटेरियन पाळक रेव्हरंड अलेक्झांडर फोर्साइथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी ठिणगी चमके आणि मग बार उडे; तेवढ्या अवधीत पक्षी सावध होत. त्यांनी ठोक्याने पेट घेणारी स्फोटक पूड वापरून नवा चाप बनविला आणि १८०७ साली त्याचे पेटंट मिळविले. बदकांसाठी लावलेला हा शोध पुढे माणसांसाठी किती वापरला गेला हे सांगायला नको. त्यातून टोपीची पिस्तुले निघाली, त्यानंतर फ्रान्समध्ये काझिमीर लफोशो याचे खिळीचे काडतूस आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खिशातले रिव्हॉल्व्हर मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात आले.

संग्राहक ज्यांच्या शोधात हिंडतात ती चमत्कारिक पिस्तुले प्रामुख्याने याच काळातील. पॅरिसच्या त्युर्बियो नावाच्या गृहस्थाने १८८२ साली मुठीत दाबून उडवायचे चपट्या डबीसारखे पिस्तूल काढले. १८९०च्या दशकात सायकलस्वारांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी गालां याने ‘व्हेलो-डॉग’ हे रिव्हॉल्व्हर आणले. त्याच्या काही काडतुसांत गोळीऐवजी तिखट पूड भरलेली असे. ऑस्ट्रियातील फ्रान्झ फान्ल हा तर पेशाने घड्याळजी. त्याने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ‘कोलिब्री’ नावाचे जे पिस्तूल केले त्याची गोळी अवघी २.७ मिलिमीटर जाडीची होती. हमिंगबर्ड या इवल्याशा पक्ष्याचे नाव त्याला शोभून दिसते. आज त्याचा एखादा नमुना हाती लागला तर संग्राहकाला आकाश ठेंगणे होते.

या सर्व कहाणीचे केंद्र मात्र बेल्जियममधील लिएज हे नगर होय. आपल्या वाचकांना लिएज एका निराळ्या कारणाने जवळचे वाटायला हवे. ख्रिस्तशरीराचा जो सण आपण दरवर्षी पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीने साजरा करतो, तो सर्वप्रथम याच धर्मप्रांतात सुरू झाला. कॉर्निलॉन येथील संत जुलियाना हिच्या आग्रहावरून बिशप रॉबर्ट यांनी १२४६ साली त्याला मान्यता दिली, आणि पूर्वी लिएजमध्येच आर्चडीकन असलेले पोप चौथे अर्बन यांनी १२६४ साली तो अखिल ख्रिस्तसभेला दिला. त्याच नगरात शतकानुशतके बंदुका घडत होत्या. लिएजचे बिशप हे त्या मुलखाचे राज्यकर्तेही असत. त्यांपैकी माक्सिमिलियन हेन्री यांनी १६७२ साली बंदुकीच्या नळ्यांची परीक्षा घेण्याचा नियम घालून दिला. नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून बार काढायचा. नळी टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा. लिएजचे परीक्षागृह पुढे जगप्रसिद्ध झाले. लंबगोलात कोरलेली त्याची अक्षरे आणि नगराचे मानचिन्ह असलेला ‘पेरॉं’ स्तंभ हे शिक्के आजही संग्राहक भिंगाखाली प्रथम पाहतात. पिस्तूल कोठले, कोणत्या काळातले, हे त्या शिक्क्यांवरूनच उलगडते. कारण पुष्कळशा पिस्तुलांवर कारागिराचे नाव नसते. वेगवेगळे भाग खेडोपाडी, घरोघरी घडत आणि शहरात जुळविले जात.

एका बिशपांनी घालून दिलेला हा नियम आम्हांला विचारात पाडतो. नळी फुटून गोळी झाडणाऱ्याचा हात जाऊ नये, याची काळजी त्यात पुरेपूर आहे. नळीच्या दुसऱ्या टोकासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी त्यात काहीच नाही.

लिएजला लागून असलेल्या हेरस्टाल येथे १८८९ साली ‘फाब्रीक नास्योनाल’ हा कारखाना बेल्जियन सैन्याच्या दीड लाख रायफली बनविण्यासाठी स्थापन झाला. ते काम संपत आल्यावर नवा माल हवा होता. १८९७ साली कारखान्याचा प्रतिनिधी अमेरिकेत जॉन मोझेस ब्राऊनिंग या शस्त्रशिल्पज्ञाला भेटला, आणि त्या भेटीतून १९०० सालचे स्वयंभरी पिस्तूल जन्माला आले. गोळी पुढे सुटते तेव्हा वायूचा तोच दाब वरचा सरकता भाग मागे ढकलतो; रिकामे काडतूस बाहेर पडते, स्प्रिंग तो भाग पुन्हा पुढे आणते आणि नवे काडतूस नळीत बसते. यंत्र साधे, चपटे आणि भरवशाचे. त्यानंतर ६.३५ मिलिमीटरचे जे पिस्तूल निघाले ते जाकिटाच्या खिशात सहज मावे. त्याचे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. फ्रेंच भाषेत ‘ब्राऊनिंग’ हे आडनाव पिस्तुलाचे सामान्यनामच होऊन बसले.

या पिस्तुलांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काय केले ते पाहावे. १९०४ साली हेलसिंकीत रशियाचा गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह १९०० सालच्या ब्राऊनिंगला बळी पडला. ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर कोरियन देशभक्त आन जुंग-गुन याने तशाच पिस्तुलाने जपानचा माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी याला मारले. दोनच महिन्यांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर जी वीस ब्राऊनिंग पिस्तुले भारतात पाठविली होती, त्यांतले एक त्या कटात वापरले गेले. जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी होते आणि बदली होऊन मुंबईला निघाले होते. आनला २६ मार्च १९१० रोजी लुशुनच्या तुरुंगात, तर कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

आन जुंग-गुन हा कॅथॉलिक होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. थॉमस हे त्याचे स्नानसंस्काराचे नाव. मृत्युदंडापूर्वी त्याने आपल्या धर्मगुरूंची भेट मागितली. सोलचे बिशप म्युतेल यांनी परवानगी नाकारली. खुनी माणसाला संस्कार दिले तर ख्रिस्तसभा हत्येचे समर्थन करते असे दिसेल, ही त्यांची भीती. तरीही त्याला स्नानसंस्कार देणारे फ्रेंच मिशनरी फादर विल्हेम लुशुनला गेले, त्यांनी त्याचा पापनिवेदन संस्कार ऐकला आणि त्याला ख्रिस्तशरीर दिले. परतल्यावर बिशपांनी त्यांना शिक्षा केली. पुढे १९९३ साली कार्डिनल किम सू-ह्वान यांनी आनसाठी मिस्सा अर्पण केला, तेव्हा त्या जुन्या जखमेवर फुंकर घातली गेली. देशासाठी केलेली हत्या हत्या राहते की नाही, यावर नीतिशास्त्राचे विद्वान वाद घालोत. मरणाच्या दारातील माणसाला एकटे सोडू नये, एवढे फादर विल्हेम यांना उमगले होते, आणि आमच्या मते त्यांचेच बरोबर होते.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या मुलाने ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांना ठार केले. कटवाल्यांना दिलेली चारही पिस्तुले हेरस्टालच्या कारखान्यातील १९१० सालच्या नमुन्याची होती. त्या गोळ्यांनंतर अडतिसाव्या दिवशी, ५ ऑगस्ट रोजी, जर्मन तोफा लिएजच्या किल्ल्यांवर आग ओकू लागल्या. महायुद्धाची पहिली लढाई त्या पिस्तुलाच्या जन्मगावीच झाली आणि कारखाना शत्रूच्या ताब्यात गेला. आपल्या दारातून बाहेर गेलेली वस्तू कोणत्या वाटेने घरी परतेल, हे कोणी सांगावे?

सारायेव्होत मरणासन्न दांपत्याला अंत्याभ्यंग देणारे धर्मगुरू होते येशूसंघीय फादर आंतोन पुन्टिगाम. पुढे ती पिस्तुले आणि खटल्यातील इतर वस्तू त्यांनी मिळविल्या. युवराजांच्या स्मरणार्थ एक संग्रहालय उभारावे हा त्यांचा मानस होता. परंतु युद्धात साम्राज्यच लयाला गेले आणि संग्रहालय कागदावर राहिले. १९२६ साली त्यांचे निधन झाले. योगायोग असा की ब्राऊनिंगही त्याच वर्षी लिएजलाच, कारखान्यात काम करीत असता वारले. त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ती पिस्तुले ऑस्ट्रियातील येशूसंघीयांपाशी गुपचूप पडून होती. २००४ साली त्यांनी ती व्हिएन्नाच्या सैनिकी इतिहास संग्रहालयाच्या स्वाधीन केली. आज ती युवराजांच्या मोटारीजवळच्या दालनात पाहावयास मिळतात.

याच्या उलट टोकाला बाजार आहे. १८७३ साली ब्रुसेल्समध्ये कवी पॉल व्हर्लेनने आपला मित्र रँबो याच्यावर ज्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी झाडली ते २०१६ साली पॅरिसमध्ये ४,३४,५०० युरोंना विकले गेले. रँबोच्या केवळ मनगटाला जखम झाली. व्हर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि माँसच्या तुरुंगात तो कॅथॉलिक श्रद्धेकडे परतला. लिलावात किंमत आली ती झाडलेल्या गोळीची. तुरुंगातल्या त्या पश्चात्तापाला बाजारात मोल नाही.

संग्राहकांच्या यादीत बास्क प्रदेशातील एइबार या गावाच्या मालाला मोठे स्थान आहे. ब्राऊनिंगच्या असंख्य नकला तेथे नाना नावांनी होत. १९१५ साली फ्रेंच सैन्याने ‘रुबी’ पिस्तुलांची मागणी नोंदविली तेव्हा गावातील लहानमोठे कितीतरी कारखाने त्या एकाच कामाला जुंपले गेले. इतक्या घाईत की एकाच्या पिस्तुलाची काडतुसांची पेटी दुसऱ्याच्या पिस्तुलात बसत नसे! युद्ध संपले, मागणी आटली. तेव्हा बेइस्तेगी बंधूंनी १९२३ साली सायकली करायला घेतल्या. १८४० पासून बंदुका घडविणाऱ्या ओर्बेआ घराण्यानेही पुढे तीच वाट धरली. शस्त्रकारागिरांच्या ‘आल्फा’ या सहकारी संस्थेने शिवणयंत्रे काढली. पिस्तुलाची नळी ओढणारे हात सायकलीची नळी ओढू लागले. तलवारींचे नांगर होतील असे स्वप्न यशया संदेष्ट्याने पाहिले होते. एइबारमध्ये ते घडले, पण उपदेशाने नव्हे, पोटाच्या गरजेने. आणि ते पुरतेही घडले नाही. जवळच्या गेर्निका गावावर २६ एप्रिल १९३७ रोजी बॉम्ब पडून गाव बेचिराख झाले, तेव्हा तेथील पिस्तुलांचा कारखाना तेवढा शाबूत राहिला.

मग अशा वस्तू जमवाव्यात की वितळवून टाकाव्यात? आमच्या देशाला हा प्रश्न परका नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींचा प्राण घेणारे पिस्तूलही असेच लहान, इटलीतील बेरेट्टा कारखान्यात तयार झालेले होते. आम्हांला वाटते, जतन करण्याची रीत महत्त्वाची. जो संग्राहक केवळ मुलामा शाबूत आहे की नाही आणि क्रमांक जुळतात की नाही एवढेच पाहतो, त्याच्या कपाटात फक्त लोखंड साचते. जो शिक्का वाचतो, घडविणाऱ्याचे गाव शोधतो आणि ते शस्त्र कोणाच्या हातातून कोणावर रोखले गेले हे नोंदवून ठेवतो, तो विसरलेल्या माणसांची वही लिहीत असतो. फादर पुन्टिगाम यांनी त्या पिस्तुलांबरोबर युवराजांचा रक्ताने माखलेला सदराही सांभाळून ठेवला होता. आमच्या मते ते खरे संग्राहक. पिस्तूल जपायचे असेल तर सदराही जपला पाहिजे.