वणवा, पूर आणि धबधब्याची घळ

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत उन्हाळ्यात वणवा आणि पावसाळ्यात पूर हे चक्र वर्षानुवर्षे चालत आले आहे. चिमूर तालुक्यात डोमा गावाजवळचा मुक्ताई असो वा भामरागड तालुक्यातील दुर्गम बिनागुंडा, येथील धबधब्यांचे रूप केवळ पडणाऱ्या पावसावर ठरत नाही. माथ्यावरील जंगलाची जमीन त्या पावसाचे काय करते, यावरही ते अवलंबून असते.

वणवा कसा लागतो?

येथील जंगल मुख्यत्वे पानझडी आहे. साग, मोह, तेंदू आणि बांबू यांचा पालापाचोळा फेब्रुवारीपासून जमिनीवर साचतो. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. ती आटोक्याबाहेर गेली की वणवा पेटतो. जंगलातील आगी बहुतांशी मानवनिर्मितच असतात.

घळीत काय घडते?

पालापाचोळा हे जमिनीचे पांघरूण होय. तो पावसाच्या थेंबांचा मार झेलतो आणि पाणी मुरण्यास वेळ देतो. तो जळाल्यावर उघड्या मातीची छिद्रे राख व बारीक कणांनी बुजतात. आग तीव्र असेल तर मातीच्या वरच्या थरात पाणी न शोषणारा पापुद्रा तयार होतो. परिणामी मृगाचे पहिले जोरदार पाणी मुरण्याऐवजी उतारावरून धावते. राख, माती, दगडगोटे आणि अर्धवट जळालेले ओंडके घेऊन ते नाल्यात उतरते. घळीच्या अरुंद जागी ओंडके अडकून तात्पुरता बांध तयार होतो. तो फुटला की पुराचा लोंढा काठ कापत जातो.

धबधब्याखालचा डोह गाळाने भरतो किंवा मोठ्या पुरात पुन्हा खरवडून निघतो. पायथ्याचा मऊ थर झिजला की वरचा कठीण खडक आधाराविना कोसळतो आणि धबधबा हळूहळू उगमाकडे सरकतो. जमिनीत पाणी कमी मुरल्याने झरेही लवकर आटतात.

जगातील उदाहरणे

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात 2011 मध्ये लास कोंचास येथील वणव्याने सुमारे 63 हजार हेक्टर क्षेत्र जाळले. त्याच उन्हाळ्यात बँडेलिअर येथील फ्रिहोलेस दरीत पूर येऊन धबधब्याकडे जाणारी पायवाट उद्ध्वस्त झाली. ॲरिझोनातील हवासू दरीत तर ऑगस्ट 2008 च्या पुराने प्रवाहच वळवला. जुना नवाहो धबधबा कोरडा पडला आणि नवे धबधबे निर्माण झाले.

येथील वेगळेपण

विदर्भातील वणवा बहुधा जमिनीलगतचा असतो. तो झाडांच्या शेंड्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो, त्यामुळे अमेरिकेसारखी उलथापालथ एका हंगामात होत नाही. मात्र तीच जमीन वारंवार जळाल्यास रोपे मरतात, माती पातळ होते आणि नाल्यांतील डोह, वन्यप्राण्यांचे पानवठे व माजी मालगुजारी तलाव गाळाने भरत जातात.

मोठ्या पुराचा दोष मात्र वणव्याच्या माथी मारता येत नाही. 2019 मध्ये पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला, तर जुलै 2022 मध्ये गोदावरी व प्राणहिता यांच्या पुराने सिरोंचा तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. त्यामागे विस्तीर्ण खोऱ्यांतील अतिवृष्टी होती. वणव्याचा परिणाम प्रामुख्याने लहान नाले आणि घळी यांवर दिसतो.

उपाय गावाच्या हाती

वन विभाग दरवर्षी जाळरेषा काढतो आणि उपग्रहाच्या मदतीने आगीच्या सूचनाही मिळतात. तथापि दुर्गम डोंगरावर सर्वांत आधी पोहोचतो तो गावकरीच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला तो 2012 मध्ये मिळाला. तेंदूसाठी झाडे छाटावी लागतात व आगी लावल्या जातात, म्हणून पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याच्या उत्पन्नावर पाणी सोडले आणि बांबूवर भर दिला. धबधब्याची घळ राखायची, तर तिच्या माथ्यावरचा पालापाचोळा राखावा लागतो.