ब्रास, टन आणि खेप

शहर कोणी बांधले, या प्रश्नाचे उत्तर देताना आपण पाथरवट मोजतो, गवंडी मोजतो. त्यांच्या पुढ्यात रेती आणि खडी आणून टाकणारा ट्रकचालक मात्र मोजदादीतून सुटतो. त्याचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? आम्हांस वाटते, त्याच्या धंद्यातील तीन मापे हेच पहिले साधन होय.

पहिले माप ब्रास. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. मुंबईलगतच्या खाड्यांतून हातपाटीने, डुबी मारून काढलेली रेती होड्यांतून किनाऱ्यास लागे. ठाणे-मुंब्रा परिसरातील 'रेतीबंदर' ही नावे त्याच व्यवहाराची खूण. तेथून पुढचा रस्ता आधी बैलगाडीचा, मग ट्रकचा. 1954 साली जमशेदपुरास टेल्कोचे मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले. वाहन बदलले, तरी व्यापार आकारमानावरच चालत राहिला. हे माप फसवे आहे. किंचित ओली रेती फुगते आणि त्याच हौद्यात प्रत्यक्ष माल कमी भरतो. बांधकामावर फीत लावून माल मोजला, की घट निघते आणि बोल चालकाला ऐकावे लागतात. भरताना त्याचा शब्द कोणी विचारलेला नसतो.

दुसरे माप टन. रस्ता घनफूट जाणत नाही, वजन जाणतो. कोरड्या रेतीचा एक ब्रास सुमारे साडेचार टन भरतो. ओली झाली, की हिशेब बदलतो. जादा भाराचा गुन्हा मालकाच्या माहितीने वा हुकमाने घडला, असे गृहीत धरण्याची मुभा 1988च्या मोटार वाहन कायद्याने न्यायालयास दिली. म्हणजे हुकूम कोणाचा असतो, हे कायद्यासही ठाऊक होते. पण नाक्यावर गाडी अडवली जाते, तेव्हा सुकाणूवर मालक नसतो.

तिसरे माप खेप. पुष्कळ ठिकाणी चालकाची कमाई खेपांवर ठरते. मोटार वाहतूक कामगारांच्या 1961च्या कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे 48 तास अशी मर्यादा घातली. परंतु तो कायदा सर्वसाधारणपणे पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एका-दोन ट्रकांचा मालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या 1969च्या माथाडी कायद्याने चढ-उतार करणाऱ्या हमालास मंडळाचा आधार दिला. चाकामागे बसलेला मात्र त्या आधाराबाहेर राहिला.

विकणाऱ्याचे माप ब्रास, कायद्याचे टन, पोटाचे खेप. ही तिन्ही एकमेकांत कधीच नीट बसली नाहीत आणि त्यांच्यातील तफावत अंगावर घेऊन चालक वेळेवर पोहोचत राहिला. कामगार साहित्याचा विचार करताना गिरणीचा भोंगा आपण पुष्कळ ऐकला; आता पहाटे फाळका उघडल्याचा आवाजही ऐकावयास हवा.