जुनी अटक आणि परदेशातील नोकरीचा व्हिसा
अर्ज भरण्यापूर्वी कोणते कागद हाताशी हवेत?

चामोर्शी, खास प्रतिनिधी : आखातातील वेल्डरचे काम असो, जर्मनीतील परिचारिकेची जागा असो वा कॅनडातील ट्रकचालकाची नोकरी, व्हिसाच्या बहुतेक अर्जांत गुन्हेगारी पार्श्वभूमीविषयी एक रकाना असतो. अर्जदाराला कधी अटक झाली होती काय, त्याच्याविरुद्ध खटला चालू आहे काय, शिक्षा झाली आहे काय, असे प्रश्न त्यात विचारले जातात. गडचिरोली जिल्ह्यातील अनेक तरुणांची लेखणी याच रकान्याशी अडखळते.

त्याला जिल्ह्याची परिस्थितीही कारणीभूत आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही २०१५ ते २०२१ या काळात ती होती. मोहाच्या दारूवरील धाडी, कोंबडबाजारावरील छापे, जंगलातून आणलेले लाकूड, रस्ता रोको आणि नक्षलवादाच्या संशयावरून झालेली धरपकड, अशा एखाद्या कारणाने विशीतल्या मुलाचे नाव पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत येते. पुढे तो आयटीआय किंवा नर्सिंगचे शिक्षण घेतो, परदेशात नोकरी ठरते आणि पंधरा वर्षांपूर्वीची नोंद समोर उभी राहते. अशा अटकेने परदेशाची वाट कायमची बंद होते, हा समज चुकीचा आहे. मात्र रकान्यात 'नाही' लिहिले तर कोणाला कळणार, हा समज त्याहून घातक आहे.

अटकेपुढे काय झाले?

कायद्याच्या दृष्टीने अटक ही केवळ सुरुवात होय. तिचा शेवट कसा झाला, यावर व्हिसाचे बरेच काही अवलंबून असते. तो शेवट साधारणतः पुढीलपैकी एका प्रकारे होतो.

प्रतिबंधात्मक कारवाई : फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७०) मोर्चाच्या वा सणाच्या आदल्या दिवशी ताब्यात घेऊन सोडून दिले जाते. 'चॅप्टर केस'मध्ये बंधपत्र लिहून घेतात. यात दोषसिद्धी नसते. परंतु अटक झालेली असते.

समरी अहवाल : तपासाअंती दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर महाराष्ट्रात 'अ', 'ब' किंवा 'क' समरी न्यायालयात पाठवली जाते. गुन्हा खरा पण आरोपी निष्पन्न झाला नाही किंवा पुरावा नाही, तर 'अ'. फिर्याद खोटी असेल तर 'ब'. गैरसमजातून वा दिवाणी स्वरूपाच्या वादातून फिर्याद झाली असेल तर 'क'. न्यायदंडाधिकाऱ्याने ती स्वीकारल्याचा आदेश अर्जदारासाठी मोलाचा ठरतो.

दोषमुक्ती व निर्दोष मुक्तता : आरोप निश्चित होण्यापूर्वी सुटका झाली तर दोषमुक्ती आणि खटला चालून सुटका झाली तर निर्दोष मुक्तता. दोन्हींत शिक्षा नाही.

खटला मागे घेणे : राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय शासन वेळोवेळी जाहीर करते. तथापि, सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाची संमती घेतल्याशिवाय खटला संपत नाही. शासन निर्णयाची बातमी वाचून 'आपला खटला मिटला' असे गृहीत धरणारे अनेकजण पासपोर्टच्या वेळी अडचणीत येतात.

दंडाची पावती म्हणजे दोषसिद्धी

सर्वात मोठी गफलत होते ती किरकोळ खटल्यांत. दारूबंदी कायदा, १९४९ किंवा जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ खालील प्रकरणात तारखांचे हेलपाटे टाळण्यासाठी आरोपी गुन्हा कबूल करतो, काही शे रुपयांचा दंड भरतो आणि घरी येतो. त्याच्या मते प्रकरण 'मिटले' असते. वस्तुतः गुन्हा कबूल करून दंड भरणे ही दोषसिद्धीच होय. 'आपणास कधी शिक्षा झाली आहे काय?' या प्रश्नाचे खरे उत्तर अशा व्यक्तीसाठी 'होय' असेच आहे.

वनगुन्ह्यांत याच्या उलटही घडते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६८ अन्वये अधिकार असलेला वन अधिकारी रक्कम घेऊन किरकोळ गुन्हा आपल्या पातळीवर मिटवू शकतो. त्यानंतर त्या व्यक्तीवर पुढील कारवाई होत नाही आणि ती दोषसिद्धीही ठरत नाही. याउलट तोच गुन्हा न्यायालयात गेला व तेथे दंड झाला, तर ती दोषसिद्धी ठरते. दोन्ही ठिकाणी हाती पावतीच येते. म्हणून ती वनखात्याची आहे की न्यायालयाची, हे आधी पाहावे.

पहिला टप्पा : पासपोर्ट

गडचिरोली जिल्हा नागपूरच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मान्य केले आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. या कायद्याच्या कलम ६(२) मधील दोन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे, अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा झाली असल्यास पासपोर्ट नाकारला जातो. किरकोळ दंड किंवा पाच वर्षांपूर्वीची शिक्षा या तरतुदीत बसत नाही. दुसरी म्हणजे, फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणे. केवळ एफआयआर नोंदवला आहे किंवा तपास सुरू आहे, एवढ्याने खटला 'प्रलंबित' ठरत नाही. न्यायालयाने त्याची दखल घेतलेली असली पाहिजे, असे परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

खटला खरोखर प्रलंबित असला तरी मार्ग आहे. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार, ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याने परदेशी जाण्यास परवानगी दिल्यास पासपोर्ट मिळू शकतो. न्यायालयाने मुदत नमूद केली नाही, तर तो एक वर्षाचाच मिळतो. नोकरीचा करार दोन-तीन वर्षांचा असल्यास एवढी मुदत अपुरी पडते. न्यायदंडाधिकाऱ्याने 'नियमांनुसार' नूतनीकरणाचा आदेश दिला असेल तर प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांसाठी नूतनीकृत करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने १३ मार्च २०१४ च्या निकालात म्हटले आहे. त्यामुळे वकिलामार्फत अर्ज करताना मुदतीचा उल्लेख आवर्जून करावा. खटला प्रलंबित असणे ही नूतनीकरणास कायमची आडकाठी नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२५ मध्ये घेतली.

पासपोर्टच्या अर्जात माहिती दडवणे हा त्या कायद्याच्या कलम १२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. मूळ प्रकरणात दोनशे रुपये दंड झालेल्या माणसाने ते लपवण्यासाठी एवढा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

पोलीस दाखला कोणता?

अनेक देश कामाच्या व्हिसासाठी 'पीसीसी' म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. खासगी नोकरीसाठी राज्य पोलीस देतात तो चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा आणि ही पीसीसी वेगळी. परदेशासाठीची पीसीसी पासपोर्ट कार्यालय देते. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही तिचा अर्ज करता येतो. पडताळणी मात्र स्थानिक पोलिसांकडूनच होते.

निर्दोष सुटलेल्या व्यक्तीविरुद्धही 'गुन्हा दाखल' एवढाच शेरा जाण्याची शक्यता असते. कारण ठाण्याच्या नोंदवहीत अटकेची नोंद असते, निकालाची असेलच असे नाही. यावर उपाय एकच. निकालाची प्रमाणित नक्कल पडताळणीच्या वेळी स्वतःहून सादर करावी, तिची पोच घ्यावी आणि ठाण्याच्या अभिलेखात निकालाची नोंद करण्याची लेखी विनंती करावी. प्रतिकूल शेऱ्यामुळे पासपोर्ट नाकारला गेला, तर कारणे लेखी मागण्याचा आणि कलम ११ अन्वये मुदतीत अपील करण्याचा हक्क अर्जदारास आहे.

बोटांचे ठसे व छायाचित्रांबाबत फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ मध्ये एक दिलासा आहे. कैदेच्या शिक्षेस पात्र गुन्ह्यात पूर्वी दोषी न ठरलेली व्यक्ती खटल्याविना सुटली, दोषमुक्त झाली वा निर्दोष ठरली, तर न्यायालयाने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला नसल्यास सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर हा अभिलेख नष्ट करावयाचा असतो.

कोणता देश काय विचारतो?

प्रत्येक देशाचा प्रश्न वेगळा असतो. त्यामुळे एका देशासाठी बरोबर असलेले उत्तर दुसऱ्यासाठी चुकीचे ठरू शकते.

अमेरिका : 'डीएस-१६०' अर्जात केवळ शिक्षा नव्हे, तर अटकही विचारली जाते, पुढे माफी मिळाली असली तरीही. निर्दोष सुटलेल्यानेही येथे 'होय' लिहून खुलासा करावयाचा असतो. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील दोषसिद्धी अपात्रतेस कारण ठरते. एकच गुन्हा असून त्याची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा अधिक नसेल व प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या आत असेल, तर सवलत आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खालील चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे असल्याने, प्रत्यक्षात दंडच झाला असला तरी, ही सवलत मिळत नाही. महत्त्वाची बाब लपवून व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केल्यास कायमची अपात्रता येऊ शकते. दहशतवादाशी संबंधांविषयी वेगळे प्रश्न आहेत. टाडा किंवा यूएपीए कायद्याखाली अटक होऊन सुटलेल्यांनी संपूर्ण निकालपत्र जवळ ठेवावे.

कॅनडा : भारतात घडलेली कृती कॅनडाच्या कायद्यानेही गुन्हा ठरते काय, हे तेथे पाहिले जाते. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाल्यावर 'पुनर्वसना'साठी अर्ज करता येतो. खोटी माहिती दिल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होते.

ब्रिटन : १२ महिने वा अधिक कैदेची शिक्षा झाली असल्यास अर्ज नाकारला जातो. आरोग्य, शिक्षण व सामाजिक देखभाल क्षेत्रांतील अनेक कामांसाठी, गेल्या दहा वर्षांत जेथे १२ महिने वास्तव्य झाले अशा देशांचे पोलीस दाखले लागतात. फसवणूक उघड झाल्यास दहा वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते.

ऑस्ट्रेलिया : चारित्र्य कसोटीत १२ महिने वा अधिक कैदेची शिक्षा निर्णायक ठरते. खोटा कागद जोडल्यास तीन वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

जर्मनी : महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून या देशाकडे ओढा वाढला आहे. दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या अर्जात जर्मनीत वा अन्यत्र झालेल्या शिक्षेची माहिती द्यावी लागते.

आखाती देशांचे नियम देशागणिक व कामागणिक बदलतात. दूतावासाचे अद्ययावत पत्रक पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

कागदपत्रे कोठून मिळवावीत?

अर्जापूर्वी निदान तीन-चार महिने ही तयारी सुरू करावी. एफआयआरची प्रत पोलीस ठाण्यातून, तर दोषारोपपत्र, समरीवरील आदेश आणि निकालपत्राच्या प्रमाणित नकला न्यायालयाच्या नक्कल शाखेतून मिळतात. चामोर्शी येथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय आहे. सत्र खटल्यांची कागदपत्रे मात्र गडचिरोलीच्या जिल्हा न्यायालयात शोधावी लागतात. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला, हे त्यापूर्वीच्या प्रकरणांत ध्यानात ठेवावे. खटल्याचा क्रमांक आठवत नसल्यास ई-कोर्ट्स सेवेत पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. फार जुन्या खटल्यांसाठी मात्र न्यायालयातील नोंदवहीच पाहावी लागते. ठरावीक मुदतीनंतर जुने अभिलेख नष्ट केले जातात. तसे झाले असल्यास 'अभिलेख उपलब्ध नाही' असे लेखी उत्तर घ्यावे. तेही दूतावासापुढे ठेवता येते.

मराठी आदेशांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. सोबत एका पानाचा खुलासा असावा. त्यात घटनेची तारीख, कलम, आरोप, शेवट आणि त्यानंतरची वर्षे एवढाच मजकूर द्यावा. फिर्यादीवर दोषारोप किंवा लांबलचक कैफियत नको.

'सगळे सांभाळून घेतो' म्हणणारे

जुनी नोंद असलेला उमेदवार दलालाच्या हाती सहज सापडतो. अर्ज दलालाने भरला तरी त्यातील खोट्या उत्तराची जबाबदारी सही करणाऱ्यावरच येते. उत्प्रवासन कायदा, १९८३ नुसार परदेशी भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असणे बंधनकारक आहे आणि त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येतो. दहावी अनुत्तीर्ण उमेदवारांना आखाती देशांसह १८ देशांत कामासाठी जाताना उत्प्रवासन मंजुरीही घ्यावी लागते.

भरलेल्या अर्जाची प्रत दलालाकडून मागून घ्यावी आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीचा रकाना स्वतः वाचावा. इंग्रजी येत नसल्यास गावातील शिक्षकाकडून किंवा वकिलाकडून तो वाचून घ्यावा आणि मगच सही करावी. पूर्वीच्या एखाद्या अर्जात चुकीचे उत्तर गेले असल्यास नव्या अर्जात तेच पुन्हा न लिहिता खरी माहिती द्यावी आणि त्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. कारण दोन अर्जांतील तफावत अधिकाऱ्याच्या नजरेस सर्वप्रथम येते.